ताई सव्वा सेकंद पुढे होती

बातमी आली तेव्हा मी नोएडाच्या ऑफिसात होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. गुडगावच्या रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. "आप आ जाइए," एवढंच ते म्हणाले. ‘जल्दी’ हा शब्द त्यांनी वापरला नाही, त्यावरून मी काय ते समजलो. पोचायला दोन तास लागले. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, मी त्याला म्हटलं, राहू दे, आता काही घाई नाही... माझी थोरली बहीण अलका गेली. वय एकोणपन्नास. डेंग्यू. सहा दिवसांचा ताप, त्यातले चार रुग्णालयात. चौथ्या दिवशी बरं वाटत होतं, पाचव्या दिवशी रक्तदाब उतरला तो चढलाच नाही.

आजाराचं एवढं सांगतोय त्याला कारण आहे. गेल्या सहा आठवड्यांत मला किमान पन्नास जणांनी विचारलं असेल, "गाडीत गेली का?" ताई एके काळी रेसिंग करायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. डेंग्यू म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हिरमोड झाल्यासारखं दिसतं. मग तो स्वतःला सावरून ‘अरेरे’ म्हणतो. ताशी दोनशेच्या वेगाने गाडी हाकणारी बाई डासाने मरावी हे लोकांना पटत नाही. मलाही पटत नाही, पण मी आता दमलोय. आणि दुसरा एक प्रश्न येतो, थोडा वेळ बसल्यावर, चहा संपत आल्यावर. "पण काय हो, त्या रेसिंगमध्ये बायका फारशा का नसतात?" मग विचारणारेच उत्तरं देतात. भीती वाटत असेल, ताकद लागत असेल, आवडच नसेल. मी ‘हं’ म्हणतो. खरं तर या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे, एका बाईपुरतं तरी. ते मी इतकी वर्षं कुणाला दिलं नाही, कारण त्या उत्तरात मीही आहे.

आम्ही फरीदाबादला वाढलो. बाबा मूळ नगरचे. दिल्लीत सरकारी प्रयोगशाळेत उपकरणांची देखभाल करायची नोकरी लागली म्हणून आले आणि इथलेच झाले. आई शाळेत शिकवायची. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. रविवारी चर्च, आणि चर्चमधून आल्यावर बाबांचं यंत्रांचं वेड. ताई बारा वर्षांची आणि मी दहा, तेव्हा बाबांनी मोडीत निघालेल्या स्कूटरचं इंजिन आणलं आणि लोखंडी नळ्या जोडून आम्हाला एक गाडी बनवून दिली. जमिनीला टेकून चालणारी, ना छप्पर ना दारं. गो-कार्ट म्हणतात हे आम्हाला फार पुढे कळलं, आम्ही तिला ‘पाट’ म्हणायचो, कारण बसायला खरोखर लाकडी पाट होता. आमच्या वसाहतीमागे एक बंद पडलेला कारखाना होता. तिथल्या चौकीदाराशी बाबांची दोस्ती. त्याच्या सिमेंटच्या अंगणात विटा मांडून वळणं केलेली असायची, आणि बाबा घड्याळ हातात धरून उभे राहायचे. आधी मी, मग ताई. नेहमी आधी मी, कारण मी लहान.

पहिल्या दिवसापासून ती माझ्यापेक्षा वेगवान होती. मी वळणावर गाडी ओढायचो, ती वळणात गाडी सोडायची... याहून नीट मला सांगता येत नाही. मी उतरलो की घामाघूम असायचो आणि ती उतरली की झोपेतून उठल्यासारखी शांत. बाबा आकडे वाचायचे. माझ्या आकड्यावर म्हणायचे, "वा, सुधारणा आहे!" तिच्या आकड्यावर म्हणायचे, "अरे बापरे." मला वाटतं, त्यांना तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. वाईट माणूस नव्हते ते. त्या काळी त्या वसाहतीत मुलीला इंजिन उघडायला शिकवणारे दुसरे वडील नव्हते. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, "भाभी जी, लड़की का हाथ काला करवा रही हो." आई म्हणायची, "साबुन है घर में."

दिल्लीजवळ तेव्हा रेसिंगचा ट्रॅक नव्हता. जे काही होतं ते दक्षिणेत, तमिळनाडूकडे. ताई इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आणि मी पहिल्या वर्षाला असताना करोल बागेतल्या एका गाड्यांच्या व्यापाऱ्याने स्वतःचा रेसिंगचा संघ काढला. त्यांना आम्ही भसीन साहेब म्हणायचो. हौशी, दिलदार माणूस. त्यांना एक नवा ड्रायव्हर हवा होता. आमच्याबद्दल कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी बाबांना सांगितलं, "दोनों को ले आओ. देख लेते हैं."

दोन रात्री रेल्वेत काढून आम्ही तिघे गेलो. बाबा, ताई, मी. खरी रेसिंगची गाडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, एका माणसापुरती जागा असलेली, उघडी, लांबट. ती जागा आधीच्या ड्रायव्हरच्या मापाची होती आणि तो सहा फूट होता. मी जेमतेम बसलो. ताईचे पाय पेडलला टेकत होते, पण जोर येईना. मेकॅनिक म्हणाला, सीट आत्ता बदलता येणार नाही, चाचणीपुरतं चालवा. मग बाबांनी आमच्या बेडिंगमधल्या दोन घोंगड्या घडी करून तिच्या पाठीमागे खोचल्या. वरून पट्टे आवळले. ते पट्टे पुरुषाच्या छातीसाठी बेतलेले, संध्याकाळी तिच्या अंगावर काळेनिळे वळ होते, हे मला आईकडून कितीतरी वर्षांनी कळलं. ड्रायव्हरचा पोशाख घालायला जागा नव्हती. पुरुष तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये कपडे बदलत होते. ताईने रुग्णवाहिकेत जाऊन कपडे बदलले, नर्सने दारात चादर धरली. आणि बाथरूम एकच, तेही सगळ्यांचं, म्हणून तिने सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. चेन्नईच्या उन्हात.

मी दहा फेऱ्या मारल्या. तिने दहा मारल्या. माझ्या सर्वांत चांगल्या फेरीपेक्षा तिची सर्वांत चांगली फेरी सव्वा सेकंदाने कमी होती. ज्यांना या खेळातलं कळत नाही त्यांना सांगतो, एका फेरीत सव्वा सेकंद म्हणजे फार झालं. शर्यतीच्या शेवटी मी तिला नुसत्या डोळ्यांनी पाहूही शकलो नसतो, एवढी ती पुढे असती.

भसीन साहेबांनी वेळांचा कागद पाहिला. पुन्हा पाहिला. मग आम्हाला शेडमध्ये बसवलं, चहा मागवला आणि बाबांना अगदी मनापासून म्हणाले, "जनाब, बेटी आपकी कमाल है. मैंने ऐसा हाथ नहीं देखा. लेकिन मैं इस पर दो साल मेहनत करूँगा, तीसरे साल आप इसकी शादी कर देंगे. फिर मैं कहाँ जाऊँ? लड़का भी ठीक है, सीख जाएगा."

बाबा काही बोलले नाहीत. ताईने हातातला कप खाली ठेवला. ती काही बोलणार होती असं मला वाटलं, आजही वाटतं. पण तेवढ्यात भसीन साहेब माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "तू बोल बेटा. तू क्या कहता है? सीट तेरी या दीदी की?"

मी एकोणीस वर्षांचा होतो. कागद टेबलावर होता. दोन्ही आकडे मला दिसत होते. मी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणालो, "जैसा आप ठीक समझें, सर."

फार सभ्य वाक्य आहे. कुणालाही ऐकवा, कुणी नाव ठेवणार नाही.

परतीच्या प्रवासात नागपूर गेलं, इटारसी गेलं, तरी बाबा गप्प होते. भोपाळला त्यांनी खाली उतरून तिच्यासाठी पुरी-भाजी आणली, ती तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "अलका, तू समजूतदार आहेस बेटा." ती म्हणाली, "हो बाबा." मी वरच्या बर्थवर झोपल्याचं सोंग घेऊन पडलो होतो. घरी आल्यावर बाबांनी आईला तेच सांगितलं, की बघ, पोरगी किती समजूतदार आहे. आई कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मुलीला समजूतदार म्हणालात ना, की तिच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असतं तुम्हा लोकांना."

मी दोन मोसम गाडी चालवली. पुढच्यांच्या मागे आणि मागच्यांच्या पुढे, असा कुठेतरी मधे. पहिल्या मोसमात ताई माझ्याबरोबर यायची. मी कुठे ब्रेक लवकर दाबतो, कुठे वळण रुंद घेतो, हे ती कागदावर रेघ ओढून समजावायची. कधीही टोचून बोलली नाही. एकदाच म्हणाली, "विनय, घाबरलास तरी चालेल रे, पण एकाच जागी रोज घाबरू नकोस." दुसऱ्या मोसमाअखेर भसीन साहेबांचं मन उडालं, संघ बंद झाला. माझंही मन उडालं होतंच. मी परीक्षा दिल्या, नोकरी धरली, लग्न केलं. तिसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. ताईने केलंच नाही. या हिशेबावर मी आणि ती एकदाही बोललो नाही.

ताई मानेसरला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. ब्रेक तपासायचं काम. कंपनीच्या बसने जायची यायची, आणि दिवसभर गाड्या पळवून थांबवायची. अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःच्या कमाईवर आणि एका दुकानदाराच्या थोड्या मदतीवर ती पुन्हा रेसिंगमध्ये शिरली, आता साध्या बंद गाड्यांच्या गटात. रजा साठवून वर्षातून चार वेळा दक्षिणेत जायची. एका मोसमात मी एकदा तिच्यासोबत गेलो. एकोणीस गाड्या होत्या आणि बाई ती एकटी. ती चौथी आली. बक्षीस समारंभात पहिल्या तिघांना करंडक दिले आणि मग निवेदक म्हणाला, "अब ज़ोरदार तालियाँ, हमारी बेस्ट लेडी ड्राइवर के लिए!" पहिल्या आलेल्यापेक्षा मोठा करंडक तिच्या हातात दिला. सोबत सौंदर्यप्रसाधनांनी भरलेली एक टोपली. ताईने माइक मागून घेतला आणि अगदी साध्या सुरात विचारलं, "बाकी लेडीज़ कितनी थीं?" लोक हसले. ती हसली नाही, उत्तराची वाट पाहत उभी राहिली. निवेदकाने गडबडीने पुढचं नाव पुकारलं. खाली आल्यावर तिने ती टोपली रुग्णवाहिकेतल्या नर्सला देऊन टाकली. करंडक तिथेच एका खुर्चीवर राहिला. मी उचलायला गेलो तर म्हणाली, "ठेव रे. मी एकटीच धावले, एकटीत पहिली आले. त्याचं काय मिरवायचं? चौथी आले ते मला पुरे आहे."

पुढच्या वर्षी पावसात तिची गाडी भिंतीला लागली. मागच्याने ठोकलं होतं. डावं मनगट मोडलं. त्याच दोन दिवसांत आणखी चार गाड्या आदळल्या होत्या, चारही पुरुषांच्या. त्यांच्याविषयी लोक म्हणाले, पाऊसच असा होता. ताईविषयी म्हणाले, बाईमाणूस, शेवटी सुटलाच ना हात. तिला पैसे पुरवणाऱ्या दुकानदाराने हात आखडता घेतला, कारण ‘कल को कुछ हो गया तो लोग हमें कहेंगे, लेडीज़ को क्यों बिठाया.’ घरी सगळे म्हणाले, आता पुरे. बाबा म्हणाले, आई गप्प राहिली, आणि मीसुद्धा म्हणालो, "पुरे कर ताई." प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने हेल्मेट धुतलं, पुसलं आणि माळ्यावर ठेवलं.

म्हणून मला विचारतात तेव्हा मी काय सांगू? कुणी तिला दारातून हाकललं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. तसं कुणीच केलं नाही. सगळे तिच्याशी चांगलेच वागले. भसीन साहेबांनी चहा पाजला, बाबांनी पुरी-भाजी आणली, आयोजकांनी मोठा करंडक दिला, मी अदबीने बोललो. आणि या सगळ्या चांगुलपणातून वाट काढता काढता ती चाळिशीला आली.

ग्रेटर नोएडाला मोठा ट्रॅक झाला आणि जगातले नामांकित रेसर तिथे आले, तेव्हा ताईने स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. एका वळणावर उभं राहून धोक्याचा पिवळा झेंडा दाखवायचं काम. तीन दिवस ती उन्हात उभी होती. मी विचारलं, कसं वाटलं? "आवाज फार मोठा रे," ती म्हणाली, "पोटात हलतं." मग म्हणाली, "एकाही गाडीत बाई नव्हती. मी प्रत्येक हेल्मेट बघत होते. वेडी आहे ना मी, यादी आधीच छापलेली होती..."

त्यानंतर तिने गुडगाव-मानेसर रस्त्यावरच्या एका लहान गो-कार्ट ट्रॅकवर रविवारचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. आठ-दहा वर्षांची मुलं यायची. मुलगेच. त्यांच्या बहिणी कॅन्टीनच्या खुर्च्यांवर बसून भावांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. ताई प्रत्येक बापाला विचारायची, "और ये?" उत्तर ठरलेलं, "इसको शौक नहीं है, मैडम." ताई म्हणायची, "बैठी नहीं तो शौक कहाँ से होगा?" आणि प्रत्येक बहिणीला दोन फेऱ्या फुकट द्यायची. काही बसायच्या, काही लाजून नको म्हणायच्या. दोन वर्षं टिकणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दहावीचं वर्ष आलं, रंग काळवंडायला लागला, काकांच्या घरी लग्न निघालं... मुली जायच्या. ताई कुणाला दोष द्यायची नाही. पण त्या रविवारी घरी येऊन ती आईच्या शेजारी पडून राहायची.

माझीही एक मुलगी आहे. सतरा वर्षांची. तिला मी त्या ट्रॅकवर एकदाही नेलं नाही. ताईने कधी विचारलंही नाही, आणि तिने का विचारलं नाही ते मला आत्ता आत्ता कळतंय. मी पुन्हा बुटांकडे पाहिलं असतं.

रुग्णालयातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती बरी होती. पेज प्यायली होती. खिडकीतून खालचा हायवे दिसत होता आणि ती लोकांच्या लेन बदलण्यावर शेरे मारत होती. मी म्हटलं, "ताई, एक बोलायचंय. त्या चाचणीच्या दिवशी..."

"अठ्ठावीस वर्षं झाली विनय."

"भसीन साहेबांनी मला विचारलं होतं."

"मी तिथेच बसले होते ना."

"मी सांगायला हवं होतं, की तू वेगवान आहेस."

"तू सांगितलं असतंस तरी त्यांनी तुलाच घेतलं असतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तू सांगायचं होतंस, एवढंच."

रागावलेली नव्हती. ज्या सुरात ती ब्रेकच्या चुका सांगायची त्याच सुरात बोलली. मी तिचा पाय दाबू लागलो. डोळे मिटून ती म्हणाली, "दमले रे मी. गाडी चालवून कधी दमायचे नाही. गाडीपर्यंत पोचतानाच दमायचे." मग तिला झोप लागली. आमचं नीट बोलणं झालं ते हे शेवटचं.

दोन आठवड्यांनी चर्चच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा ठेवली होती. तिथे मानेसरहून एक गृहस्थ आले, हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. सोबत त्यांची मुलगी कोमल, वय पंधरा. भावाबरोबर ट्रॅकवर आली, भाऊ सोडून गेला, ही टिकली. चार वर्षं ताईकडे शिकत होती. तिची पहिली मोठी शर्यत तीन आठवड्यांवर आली होती, दक्षिणेतच. ताई तिला घेऊन जाणार होती. बाप हात जोडून म्हणाला, "मैडम के भरोसे हाँ की थी जी. अब किसके साथ भेजूँ? मेरी दुकान अकेले की है." कोमल मान खाली घालून उभी होती. रडत नव्हती. आता बाप काय म्हणेल ते तिला ठाऊक असावं, तशी उभी होती.

मी म्हणालो, "मैं ले जाता हूँ."

बापाने माझ्याकडे पाहिलं आणि संकोचून म्हणाला, "बुरा मत मानना भाईसाहब, पर आप तो आदमी हो."

त्याचं चूक नव्हतं. तेव्हा मागच्या खुर्चीवरून आई म्हणाली, "मी जाते." आणि मग त्याला कळावं म्हणून हिंदीत, "मैं चलूँगी साथ में. मैं अलका की माँ हूँ." आईचं वय सत्याहत्तर. दोन्ही गुडघे गेलेले. आपल्या मुलांची एकही शर्यत तिने कधी पाहिली नव्हती. बाबा होते तोवर म्हणायचे, तुला बघवणार नाही.

तर गेल्या आठवड्यात आम्ही तिघे गेलो. विमानाने गेलो, आईच्या गुडघ्यांमुळे. ट्रॅकवर आता बायकांसाठी वेगळी खोली आहे. दाराला कडी आहे. मी ती कडी दोनदा लावून पाहिली, कोमलला वाटलं असेल, सरांचं डोकं फिरलंय. सव्वीस मुलं धावत होती, त्यांत मुली दोन. गाड्या सुटल्या तेव्हा आईने माझं मनगट घट्ट धरलं. दोन-तीन फेऱ्या ती नुसती बघत राहिली. मग तिने विचारलं, "अलका अशीच चालवायची?"

"नाही," मी म्हणालो. "हिच्यापेक्षा वेगात." मग जे इतक्या वर्षांत बोललो नव्हतो ते तोंडातून आपोआप निघालं. "माझ्यापेक्षाही वेगात, आई. त्या चाचणीत ती सव्वा सेकंद पुढे होती. भसीन साहेबांनी मला विचारलं आणि मी बोललो नाही."

आईची नजर ट्रॅकवरून हलली नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "ह्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. रडले होते हे. मी म्हटलं, मला सांगून काय उपयोग, तिला सांगा. नाही सांगितलं त्यांनी. मग मी तुझी वाट बघत होते."

"मी ताईला सांगितलं. रुग्णालयात."

आईने मान हलवली. मनगट मात्र सोडलं नाही. गाड्या समोरून जात होत्या, त्यामुळे पुढे बोलणं शक्यही नव्हतं, आणि मला वाटतं, दोघांनाही ते बरं वाटलं.

कोमल चौदावी आली. एका वळणावर घसरून चार जागा गमावल्या होत्या. हेल्मेट काढून ती आमच्याकडे आली, केस घामाने चिकटलेले, ओठ घट्ट मिटलेले. शाबास म्हणावं तर खोटं वाटलं असतं आणि चूक दाखवावी तर ती माझी जागा नव्हे. मी म्हणालो, "कोमल, वो जो तीसरा मोड़ था..."

"अभी ना सर," ती म्हणाली. "मैडम पहले खाना खिलाती थीं. जब तक रोटी पूरी ना हो, रेस की बात नहीं करने देती थीं. जीतूँ चाहे हारूँ."

मला हे ठाऊक नव्हतं. आईला होतं की काय कोण जाणे, कारण तिने काही न विचारता पिशवीतून डबा काढला. मेथीचे पराठे, दही, लिंबाचं लोणचं. शेडच्या सावलीत सिमेंटच्या कठड्यावर आम्ही तिघे ओळीने बसलो. कोमलने पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि तिसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती खात राहिली. आईने तिच्या पानात आणखी अर्धा पराठा वाढला. मीही कागदाची प्लेट मांडीवर घेतली. पलीकडे पुढच्या शर्यतीच्या गाड्या सुरू होत होत्या. शर्यतीचं बोलणं नंतर. जेवण व्हायचं होतं.